मालवाहतुकीचे कार्यमापन आणि परिव्ययपद्धतीची निवड : हातखंबा तिठ्यावरून जाणाऱ्या आंब्याच्या अनुषंगाने

रत्नागिरी शहरातून पूर्वेकडे निघालेला रस्ता बारा-तेरा किलोमीटरांवर हातखंबा येथे मुंबई-गोवा महामार्गास मिळतो. या महामार्गाचा जुना क्रमांक १७ असून २०१० च्या फेररचनेनंतर तो ६६ झाला. तिठ्यावरून डावीकडे वळणारी वाट निवळी, संगमेश्वर, चिपळूण, महाड या क्रमाने पनवेलकडे जाते; उजवीकडची पालीकडे, आणि तेथून लांजा-राजापूरकडे किंवा आंबा घाटाने कोल्हापूरकडे. आंब्याच्या हंगामात पावस, गावखडी, पूर्णगड या बाजूचा हापूस रत्नागिरीमार्गे येथे येतो. राजापूर व देवगडकडील बराच माल महामार्गाने येऊन याच ठिकाणी त्यास मिळतो. पुढील सुमारे तीनशे किलोमीटर अंतर या सर्व मालाला एकच वाट आणि बहुतांशी एकच बाजार आहे. तो म्हणजे वाशी येथील कृषी उत्पन्न बाजार.

वाणिज्य आणि व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासकाला हा तिठा एका विशेष कारणासाठी उद्बोधक वाटावा. येथून जाणाऱ्या प्रत्येक ट्रकेविषयी एकच साधा प्रश्न विचारता येतो : हिने आपले काम चांगले केले की नाही? या प्रश्नाला पैशांत उत्तर द्यावयाचे झाल्यास परिव्यय काढावा लागतो. आणि परिव्यय काढण्याच्या पद्धती अनेक असल्याने एकाच खेपेविषयी निरनिराळी, क्वचित परस्परविरोधी, उत्तरे हाती येतात. ही उत्तरे केवळ वहीपुरती राहत नाहीत. वीस पेट्या पाठविणाऱ्या लहान बागायतदाराचा माल ट्रकेत घ्यावा की नाही, त्याच्याकडून काय भाडे आकारावे, दोन तासांचा विलंब सोसावा की टाळावा, हे निर्णय त्यांवर अवलंबून असतात. म्हणून पद्धतीची निवड हा लेखापालाच्या सोयीचा प्रश्न नसून, कोणाचा भार कोणी उचलावयाचा, हा प्रश्न होय.

प्रश्नाचे स्वरूप

प्रथम दोन शब्दांतील भेद ध्यानी घ्यावयास हवा. खर्च म्हणजे प्रत्यक्षात झालेला पैशांचा वा साधनांचा व्यय. परिव्यय म्हणजे त्या खर्चाचा एखाद्या विशिष्ट वस्तूवर, कार्यावर, ग्राहकावर किंवा निर्णयावर बसविलेला भाग. डिझेलच्या पावतीवरील आकडा हा खर्च आहे. त्यांपैकी पावसच्या एका पेटीच्या वाट्याला किती आला, हा परिव्यय आहे. खर्चाविषयी वाद सहसा होत नाही. वाद होतो तो वाटणीविषयी. कारखान्यात वस्तू एका जागी राहते आणि खर्च तिच्याभोवती जमा होतो. वाहतुकीत, साठवणुकीत आणि वितरणात, म्हणजे ज्या क्षेत्रास आज सर्वत्र लॉजिस्टिक्स असे म्हणतात त्यात, वस्तू हलत असते आणि बहुतेक खर्च अनेकांसाठी सामाईक असतो. ट्रक एक, तिचा चालक एक, घाट एक. परंतु माल पंचवीस जणांचा. येथे वाटणीचा प्रश्न अधिक बिकट होतो तो यामुळे.

हा प्रश्न नवा नाही. अमेरिकेतील लुइव्हिल अँड नॅशव्हिल रेल्वेचे अधिकारी अल्बर्ट फिंक यांनी १८७४ साली रेल्वेच्या खर्चाचे पृथक्करण करून दाखविले की टन-मैलाचा एकच सरासरी दर फसवा असतो. काही खर्च गाडी किती धावली यावर अवलंबून असतो, काही स्थानकावरील चढ-उतारीवर, तर काही गाडी धावो वा न धावो, व्हावयाचाच असतो. पुढे १९२३ मध्ये जे. एम. क्लार्क या अर्थशास्त्रज्ञाने अप्रत्यक्ष खर्चावरील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की भिन्न हेतूंसाठी भिन्न परिव्यय लागतात. सर्व प्रश्नांना पुरून उरेल असा एकमेव परिव्यय अस्तित्वात नाही. प्रस्तुत विवेचनाचा सारा रोख याच सूत्राकडे आहे. तथापि सूत्र मान्य करणे सोपे आणि ते पाळणे अवघड, हे पुढील उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

सरासरी परिव्यय

हिशेबाच्या सोयीसाठी एक खेप कल्पू. यातील आकडे प्रचलित बाजारभाव नव्हेत. केवळ पद्धतींची तुलना घडावी म्हणून ते धरले आहेत. एका ट्रकेत पाच बागायतदारांच्या मिळून ४०० पेट्या आहेत. पहिल्याच्या २००, दुसऱ्याच्या १२०, तिसऱ्याच्या ४०, चौथ्याच्या २० आणि पाचव्याच्या २०. हातखंब्याहून वाशीपर्यंतच्या मुख्य प्रवासाचा खर्च, परतीसह, २४,००० रुपये. पाच बागांपाशी थांबून माल गोळा करण्याचा खर्च, आडवाटेचे डिझेल आणि वेळ धरून, दर थांब्यास १,२०० प्रमाणे ६,००० रुपये. चढ-उताराची हमाली पेटीमागे १० प्रमाणे ४,००० रुपये. प्रत्येक मालकाची स्वतंत्र पावती, आडत्याकडील नोंद व हिशेब यांसाठी ४०० प्रमाणे २,००० रुपये. एकूण खर्च ३६,००० रुपये झाला.

सरासरी पद्धतीने ३६,००० ला ४०० ने भागावयाचे. पेटीमागे ९० रुपये येतात. पद्धत सुटसुटीत आहे, सर्वांना समजते आणि वरवर न्याय्यही दिसते. ट्रकवाल्यांत व बागायतदारांत पेटीमागे सरसकट दर ठरविण्याच्या व्यवहारामागे हीच कल्पना असते. सरासरीला शास्त्रीय स्थानच नाही असेही म्हणता येणार नाही. भारतातील परिव्यय-लेखापालांच्या संस्थेने, जिची स्थापना १९५९ च्या अधिनियमान्वये झाली, वाहतुकीचा सरासरी वा समीकृत परिव्यय कसा काढावा यासाठी स्वतंत्र मानक तयार केले असून त्याचा क्रमांक ५ आहे. उत्पादनशुल्काच्या आकारणीसाठी कारखान्यातून बाहेर पडतानाची किंमत ठरविताना वाहतुकीचा भाग निराळा काढणे आवश्यक असे. एकाच मालाची किंमत गावोगाव भिन्न ठरू नये म्हणून तेथे समीकरण उपयुक्त होते. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर बहुतेक वस्तूंपुरता तो संदर्भ मागे पडला. परंतु बोध कायम आहे. सरासरी ही एका विशिष्ट प्रश्नाचे, म्हणजे सर्वांना एकच आकडा लागू करावयाचा असता तो कोणता, या प्रश्नाचे उत्तर आहे. कोणाच्या मालामुळे किती खर्च झाला, हे ती सांगत नाही. आणि खर्च कमी कसा करावा, हे तर मुळीच सांगत नाही.

क्रियाधारित परिव्यय

१९८० नंतरच्या दशकात रॉबिन कूपर आणि रॉबर्ट कॅप्लन यांनी ज्या पद्धतीचा पुरस्कार केला ती क्रियाधारित परिव्ययपद्धती या उणिवेवर बोट ठेवते. तिचा आधार असा की वस्तू खर्च करीत नाहीत. क्रिया खर्च करतात, आणि वस्तूंना वा ग्राहकांना त्या क्रिया लागतात. म्हणून प्रथम क्रिया वेगळ्या कराव्यात, प्रत्येक क्रियेचा खर्च कशामुळे वाढतो ते पाहावे, आणि त्या कारणाच्या प्रमाणात वाटणी करावी.

वरील खेपेत मुख्य प्रवास आणि हमाली यांचे कारण पेट्यांची संख्या. त्यांचा परिव्यय पेटीमागे ६० आणि १०, मिळून ७० रुपये. थांबा आणि कागदपत्रे यांचे कारण मात्र मालकांची संख्या. तो परिव्यय पेट्या कितीही असोत, दर मालकामागे १,६०० रुपये. आता पहिल्या बागायतदाराच्या पेटीचा परिव्यय ७८ रुपये येतो, दुसऱ्याचा सुमारे ८३, तिसऱ्याचा ११० आणि चौथ्या-पाचव्याचा प्रत्येकी १५० रुपये. बेरीज तीच, ३६,०००; चित्र मात्र पूर्णपणे पालटले. ९० च्या सरसकट दराने पहिला बागायतदार पेटीमागे १२ रुपये अधिक देत होता आणि चौथा ६० रुपये कमी. मोठी बाग लहान बागेचा भार उचलीत होती, आणि उभयतांना त्याचा पत्ता नव्हता.

येथेच अभ्यासकाने सावध व्हावयास हवे. १५० हा आकडा पाहून घाईने निष्कर्ष काढला जातो तो असा की, लहान बागायतदार परवडत नाही, त्याचा दर वाढवावा किंवा त्याचा माल नाकारावा. परंतु पद्धत तसे म्हणत नाही. तिने दाखविले ते एवढेच की अधिक खर्चाचे कारण वीस पेट्या नसून स्वतंत्र थांबा आहे. तिसरा, चौथा आणि पाचवा यांनी आपल्या ८० पेट्या एकाच ठिकाणी आणून ठेवल्या, तर तीन थांब्यांऐवजी एकच थांबा लागेल. थांब्याचे १,२०० आणि तीन मालकांच्या कागदपत्रांचे १,२०० मिळून २,४०० रुपये ८० पेट्यांवर बसतील, पेटीमागे ३०. त्यांचा परिव्यय १०० रुपयांवर येईल आणि संपूर्ण खेपेचा खर्च ३३,६०० होईल. अर्थात त्या तिघांनी पेट्या त्या ठिकाणी आणण्यासाठी टेंपोला जे भाडे दिले तेही मोजले पाहिजे. ते वाचलेल्या २,४०० रुपयांहून कमी असेल तरच खरी बचत, एरवी खर्च केवळ ट्रकवाल्याच्या वहीतून बागायतदाराच्या वहीत सरकला. लहान मालकाला हाकलणारा आकडा आणि त्याला टिकवून धरण्याचा मार्ग दाखविणारा आकडा एकच आहे. फरक वाचणाऱ्याच्या प्रश्नात आहे.

या पद्धतीवरील मुख्य आक्षेप असा की प्रत्येक क्रियेची नोंद ठेवणे खर्चाचे आणि कंटाळवाणे असते, आणि माणसे आपला वेळ कोठे गेला हे सांगताना रिकामा वेळही कामात घालतात. हा दोष दूर करण्यासाठी कॅप्लन आणि स्टीव्हन अँडरसन यांनी २००४ मध्ये वेळाधारित स्वरूप सुचविले. त्यात दोनच गोष्टी लागतात : साधनाच्या एका मिनिटाचा खर्च आणि त्या क्रियेला लागणारी मिनिटे. ट्रकेचा व चालकाचा दिवसाचा स्थिर खर्च ४,८०० रुपये आणि उपयोगाचे तास सोळा धरले तर मिनिटाचा खर्च ५ रुपये. बागेपाशी चाळीस मिनिटे थांबल्यास वेळेचाच परिव्यय २०० रुपये. या पद्धतीचा मोठा गुण असा की न वापरलेली मिनिटे वेगळी उरतात. सोळांपैकी दहा तासच ट्रक कामी आली, तर सहा तासांचे १,८०० रुपये पेट्यांवर न लादता निष्क्रिय क्षमतेच्या नावे दाखविता येतात. तसे न केल्यास ज्या दिवशी माल कमी त्या दिवशी पेटीचा परिव्यय वाढलेला दिसतो आणि दोष विनाकारण मालाच्या माथी येतो.

सीमान्त परिव्यय आणि मोकळी जागा

आता निराळा प्रश्न घ्यावा. ट्रक निघण्याच्या तयारीत आहे, तिच्यात शंभर पेट्यांची जागा मोकळी आहे, आणि चौथा बागायतदार वीस पेट्या घेऊन जाण्याची विनंती करीत आहे. तो ९० च्या दराने १,८०० रुपये देईल. हा माल घ्यावा काय?

क्रियाधारित हिशेबाने त्याचा परिव्यय ३,००० रुपये. म्हणजे १,२०० रुपयांचा तोटा. परंतु मुख्य प्रवासाचे २४,००० रुपये तो आला काय अन् न आला काय, व्हावयाचेच आहेत. त्याच्यामुळे जी भर पडते ती थांबा व कागदपत्रे यांचे १,६०० आणि हमालीचे २००, एवढीच. म्हणजे नेमके १,८००. सीमान्त परिव्ययाच्या दृष्टीने हा माल घेण्यात ना नफा ना तोटा. तो स्वतःहून तिठ्यावर पेट्या घेऊन आला आणि थांबा वाचला तर १,२०० रुपये निव्वळ हाती राहतात.

हीच विनंती हंगामाच्या भरात, ट्रक काठोकाठ भरत असताना आली, तर उत्तर पुन्हा बदलते. आता त्याच्या वीस पेट्यांनी पहिल्या बागायतदाराच्या वीस पेट्या मागे राहतात. त्या पेट्यांसाठी नवा थांबा लागणार नव्हता. त्यांपासून हमाली वजा जाता पेटीमागे ८० प्रमाणे १,६०० रुपये मिळाले असते. ही हुकलेली प्राप्ती धरता चौथ्याच्या मालाचा परिव्यय ३,४०० रुपये होतो. माल तोच, ट्रक तीच, दर तोच. परंतु हंगामाच्या आरंभी १,८०० आणि भरात ३,४००. यावरून ध्यानात यावे की सीमान्त परिव्यय ही वस्तूची अंगभूत संख्या नसून त्या वेळच्या क्षमतेच्या स्थितीवर अवलंबून असलेली संख्या आहे. ती आजच्या निर्णयासाठी योग्य. वर्षभराचा दर ठरविण्यासाठी घातक. सर्वच मालकांना सीमान्त दराने माल नेऊ दिल्यास मुख्य प्रवासाचे २४,००० रुपये भरावयास कोणीच उरणार नाही.

याच विचाराचा एक ठळक दाखला या महामार्गाला समांतर जाणाऱ्या लोहमार्गावर सापडतो. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ मध्ये वाहतुकीस खुला झाला, आणि १९९९ पासून कोलाड व वेर्णा यांच्या दरम्यान भरलेल्या ट्रका रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून नेण्याची सेवा सुरू झाली. लांब पल्ल्याच्या ट्रकमालकाने या सेवेचे भाडे कोणत्या आकड्याशी ताडून पाहावे? आपल्या दर किलोमीटरच्या सरासरी खर्चाशी ताडल्यास तो चुकेल. कारण त्या सरासरीत कर्जाचा हप्ता, विमा आणि चालकाचा पगार आहे, आणि ट्रक वाघिणीवर उभी असतानाही हे चालूच राहतात. वाचते ते डिझेल, टायरची झीज, मार्गावरील पथकर आणि घाटातील अपघाताची जोखीम. म्हणून तुलना टाळता येणाऱ्या परिव्ययाशीच करावयास हवी. मात्र वाचलेल्या वेळात ट्रकेची एखादी खेप अधिक होत असेल, तर त्या खेपेची प्राप्तीही जमेस धरली पाहिजे.

परतीची खेप

आतापर्यंत २४,००० रुपयांच्या मुख्य प्रवासात परतीचा खर्च निमूटपणे आंब्यावर घातला होता. हे कितपत योग्य? वाशीला गेलेली ट्रक कोकणात परतावयाचीच. जाणे आणि येणे हे एकाच क्रियेचे दोन भाग आहेत. रेल्वेच्या दरांसंबंधी टॉसिग आणि पिगू यांच्यात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जो प्रसिद्ध वाद झाला, त्याच्या केंद्रस्थानी संयुक्त परिव्ययाचा हाच प्रश्न होता. निष्पन्न झाले ते इतके की खऱ्याखुऱ्या संयुक्त परिव्ययाची, केवळ खर्चाच्या आधारे, एकच बरोबर अशी वाटणी करता येत नाही. कोणत्या बाजूला मागणी किती, यावर ती ठरते.

आंब्याच्या दोन-अडीच महिन्यांत मागणी मुंबईकडे जाणाऱ्या जागेला असते. परतीला जे मिळेल ते भाडे. अशा वेळी परतीच्या मालापासून ६,००० रुपये मिळाल्यास ते मुख्य प्रवासाच्या खर्चातून वजा करून १८,००० रुपये आंब्यावर धरणे युक्त ठरते. पेटीमागील प्रवासाचा परिव्यय ६० वरून ४५ वर येतो. परंतु कार्यमापनाच्या दृष्टीने हे दोन आकडे एकत्र करू नयेत. ट्रकवाल्याने घाट नीट ओलांडला, पेट्या वेळेवर पोहोचविल्या, ही एक कामगिरी. वाशीत परतीचा माल मिळविला, ही दुसरी. निव्वळ ४५ हा आकडा दाखविल्यास पहिल्यातील ढिलाई दुसऱ्यातील चातुर्याने झाकली जाते.

प्रमाण परिव्यय

एखाद्या खेपेचा खर्च वाढला म्हणजे चालक वा व्यवस्थापक चुकला, असे म्हणण्यापूर्वी किती खर्च व्हावयास हवा होता हे आधी ठरलेले असावे लागते. प्रमाण परिव्ययपद्धती ते काम करते आणि प्रत्यक्ष खर्च व प्रमाण यांतील तफावतीचे कारणपरत्वे पृथक्करण करते. डिझेलचा भाव वाढल्याने झालेली तफावत चालकाची नव्हे. अधिक लिटर लागल्याने झालेली कदाचित त्याची असेल. परंतु येथेही मार्गाचे स्वरूप पाहणे अगत्याचे आहे. हातखंब्याहून उत्तरेस जाताना सपाट रस्त्याचे टप्पे आणि परशुराम व कशेडी घाटांचे टप्पे यांना एकच प्रमाण लावल्यास घाटात गाडी जपून चालविणारा चालक दोषी ठरतो आणि वेगाने हाकणारा कार्यक्षम. हातखंब्याच्या परिसरातील उतारावर अवजड वाहने व वायूचे टँकर उलटून वाहतूक खोळंबण्याचे प्रसंग वारंवार आले आहेत. जे प्रमाण चालकाला उतारावर वेळ वाचविण्यास भाग पाडते, ते प्रमाण अपघाताचा खर्च दुसऱ्याच्या खात्यावर टाकते, एवढेच.

दुसरा धोका याच्या उलट आहे. गेल्या वर्षांची सरासरी हेच प्रमाण मानले, तर त्या वर्षांत रस्त्याच्या रुंदीकरणामुळे वा अन्य कारणांमुळे सोसलेला विलंब प्रमाणातच मुरतो. पुढे रस्ता सुधारला तरी प्रमाण तेच राहते, आणि सुधारणेचा लाभ कोठे गेला हे कळत नाही. म्हणून नियंत्रणाधीन आणि नियंत्रणाबाहेरचा खर्च यांची विभागणी, आणि रस्त्याची स्थिती बदलताच प्रमाणाची फेरआखणी, या दोन अटींवाचून ही पद्धत कार्यमापनास अपुरी पडते.

एकूण परिव्यय : वेळ आणि नासाडी

वरील सर्व पद्धती ट्रकेच्या खर्चाचा हिशेब करतात. परंतु ट्रकेत आंबा आहे, आणि त्याचे आयुष्य मोजके आहे. कोकणात हापूस चौदा आणे तयार झाला म्हणजे काढतात. झाडावरून उतरल्यानंतर पिकण्याची क्रिया चालूच राहते आणि बंद पेटीतील उष्णतेने ती वेग घेते. मे महिन्याच्या उन्हात उभ्या असलेल्या ट्रकेतील पेटी ही घड्याळासारखी चालू असते.

समजा, मार्गात खोळंबा झाल्याने ट्रक चार तास उशिरा पोहोचली आणि सकाळचा लिलाव हुकला. ट्रकेच्या हिशेबात या चार तासांचा परिव्यय, मिनिटास ५ रुपये या दराने, १,२०० रुपये. बागायतदाराच्या हिशेबात, पेटीमागे ५० रुपये भाव कमी मिळाला असे धरल्यास, ४०० पेट्यांवर २०,००० रुपये. ट्रकवाल्याच्या वहीत जो विलंब किरकोळ आहे, तो बागायतदाराच्या वहीत जवळजवळ संपूर्ण मुख्य प्रवासाच्या खर्चाएवढा आहे. जोवर मोजमाप फक्त पहिल्या वहीत होते, तोवर विलंब टाळण्यासाठी १,२०० रुपयांहून अधिक खर्च करणे कोणालाच शहाणपणाचे वाटणार नाही.

हीच गोष्ट लुइस, क्युलिटन आणि स्टील यांनी १९५६ मध्ये विमान-मालवाहतुकीवरील आपल्या अभ्यासात मांडली होती. विमानाचे भाडे महाग असते, हे उघड आहे; परंतु त्यामुळे गोदामे, साठा आणि त्यात अडकलेले भांडवल कमी होत असेल, तर वितरणाचा एकूण परिव्यय घटू शकतो. एका घटकाचा खर्च किमान करण्याच्या आग्रहाने एकूण खर्च वाढू शकतो, हा या विचाराचा गाभा. त्यानंतर जी मोहीमनिहाय परिव्ययपद्धती पुढे आली, तिनेही खर्च खात्यांनुसार न मांडता, विशिष्ट ग्राहकाला विशिष्ट सेवा पोहोचविण्याच्या उद्दिष्टानुसार मांडण्याचा आग्रह धरला.

तिची आवश्यकता निर्यातीच्या आंब्यात विशेष जाणवते. अमेरिकेने २००७ मध्ये भारतीय आंब्याला पुन्हा प्रवेश दिला तो किरणोत्सर्गी प्रक्रियेच्या अटीवर, आणि त्या वेळी ही प्रक्रिया नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे होत असे. म्हणजे कोकणातील आंबा घाट चढून लासलगावी जावयाचा आणि तेथून विमानासाठी मुंबईस परतावयाचा. रस्त्याचा खर्च, प्रक्रियेचा खर्च, विमानाचे भाडे आणि प्रत्येक टप्प्यावरील नासाडी ही चार खात्यांत विभागून ठेवल्यास प्रत्येक खाते आपापल्या जागी काटकसरीचे दिसू शकते. अमेरिकेतील ग्राहकाच्या हाती पडलेल्या एका चांगल्या डझनाचा परिव्यय किती, हे पाहिल्यावाचून त्या मोहिमेचे यशापयश कळणे शक्य नाही. येथे भाजकही बदलतो : पाठविलेल्या पेट्या नव्हेत, तर विक्रीयोग्य अवस्थेत पोहोचलेले फळ.

निवडीची कसोटी

या विवेचनावरून निवडीचा क्रम असा ठरतो. आधी प्रश्न निश्चित करावा, नंतर तो कोणाचा आहे व किती काळासाठी आहे हे पाहावे, आणि मगच पद्धत घ्यावी. कर, अनुदान किंवा सर्वांसाठी एकच जाहीर दर यांकरिता सरासरी पुरेशी आहे. दीर्घकालीन दर ठरविणे आणि खर्चाचे मूळ शोधणे यांकरिता क्रियाधारित किंवा वेळाधारित पद्धती. आज उभ्या असलेल्या ट्रकेत आणखी माल घ्यावा काय, रस्ता घ्यावा की रेल्वे, यांसाठी सीमान्त व टाळता येणारा परिव्यय, आणि क्षमता पूर्ण भरलेली असता हुकलेली प्राप्तीही. माणसाच्या कामाची पारख करण्यासाठी प्रमाण परिव्यय, नियंत्रणाच्या मर्यादेत. संपूर्ण साखळीचे मूल्यमापन करण्यासाठी एकूण परिव्यय, ज्यात माल धन्याच्या हातून सुटल्यापासून ग्राहकाच्या हाती पडेपर्यंतचा वेळ आणि नासाडी आली पाहिजे.

दुसरी कसोटी मापनाच्याच खर्चाची. पाच मालकांच्या खेपेसाठी शहरातील मोठ्या वितरण-कंपनीची नोंदपद्धती वापरणे म्हणजे वीस पेट्यांसाठी दुसरी ट्रक काढणे होय. अधिक सूक्ष्म आकड्याने निर्णय बदलणार नसेल, तर तो आकडा काढू नये. वरील उदाहरणात थांबे आणि मालक यांची नुसती संख्या टिपली असती तरी मुख्य निष्कर्ष हाती आला असता.

तिसरी कसोटी न्यायाची, आणि तिचा उल्लेख परिव्ययाच्या पाठ्यग्रंथांत क्वचितच आढळतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि लगतच्या भागातील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. हे नाव साऱ्या प्रदेशाचे आहे; त्यात दोनशे पेट्यांची बाग आहे तशी वीस पेट्यांचीही. सरसकट दराने मोठ्या बागेने लहान बागेचा भार उचलावा, हा निर्णय समाजाने समजून-उमजून घेतला तर त्यात गैर काही नाही. सहकाराची कल्पना बऱ्याच अंशी तशाच समजुतीवर उभी आहे. गैर आहे ते न कळत होणारे हस्तांतर, आणि त्याहून गैर ते आकड्याच्या अपुऱ्या वाचनाने लहान मालकास बाहेर काढणे, जेव्हा तोच आकडा एका सामाईक थांब्याकडे बोट दाखवीत असतो.

पदव्युत्तर अभ्यासासाठी येथे प्रत्यक्ष सामग्री मुबलक आहे आणि ती मिळविण्यास खर्च थोडा. एका हंगामात तिठ्यावरून जाणाऱ्या काही निवडक ट्रकांविषयी सात गोष्टी टिपाव्यात : मालकांची संख्या, पेट्यांची संख्या, मोकळी जागा, थांब्यांवर गेलेली मिनिटे, वाशीत पोहोचण्याची वेळ, खराब निघालेल्या पेट्या आणि परतीचा माल. हंगामाच्या आरंभीचा आणि भरातील असे दोन संच स्वतंत्र ठेवावेत. एवढ्या नोंदींवर वरील पाचही पद्धतींनी हिशेब करून त्यांची उत्तरे शेजारी-शेजारी मांडता येतील, आणि कोणत्या ठिकाणी ती एकमेकांपासून दूर जातात ते दिसेल. जेथे अंतर मोठे, तेथे कोणीतरी दुसऱ्याचा खर्च वाहत असण्याचा संभव अधिक; त्या ठिकाणापासूनच पुढील संशोधनास आरंभ करणे श्रेयस्कर ठरेल.